मदत हवी आहे: बुडालेलं जहाज डोळ्यांनी पाहायचं आहे, पण पहिल्याच डाइव्हला कानाने दगा दिला

ठाकूरद्वारची:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. थोडं लांबेल, पण मागचं सांगितल्याशिवाय पुढचं विचारता येत नाही.

माझे आजोबा, आईचे वडील, 'रामदास' बोटीत गेले. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. लालबागला गिरणीत होते, सणाला पोयनाडजवळच्या गावी निघाले होते. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रेवसला पोचलीच नाही, वाटेत काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. आजोबा सापडले नाहीत. आई तेव्हा तीन वर्षांची होती. आजी पुढे पंचेचाळीस वर्षं जगली. दिव्यांच्या अवसेला सगळे दिवे चिंचेने घासून पाटावर मांडायची, आणि त्यातली एक समई उचलून खिडकीत नेऊन ठेवायची. त्या समईबद्दल तिला कोणी काही विचारलेलं मी ऐकलं नाही.

मला मात्र लहानपणापासून एकच विचारायचं असायचं. बुडालेल्या जहाजाचं पुढे काय होतं? पाण्याखालच्या जहाजांवर प्रवाळ उगवलेले फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा किती तरी वेळ ते बंद करवेनात. 'रामदास'पर्यंत कोणी जात नाही हे कळतं. पण समुद्राच्या तळाशी बसलेलं एक तरी जहाज मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. वय ४६, बँकेत नोकरी, चष्म्याचा नंबर उणे साडेचार. दादरच्या महात्मा गांधी तलावात सहा वर्षं नियमित पोहते.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलो तेव्हा स्कूबा केलं. कुठे केलं ते लिहीत नाही. फॉर्म नाही, तब्येतीची चौकशी नाही. बोटीवर 'तोंडानेच श्वास घ्यायचा' एवढं सांगितलं आणि पाण्यात उतरवलं. सिलिंडर धरून मागे एक मुलगा होता, तो खाली नेत होता. दोन माणूस खोलीवर उजव्या कानात कळ आली, दाभण टोचावं तशी. मी हात हलवला, त्याला वाटलं मी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतेय. त्याने आणखी खाली नेलं. व्हिडिओत माझ्यामागे निळे-पिवळे मासे आहेत आणि मास्कच्या आत माझे डोळे गच्च मिटलेले आहेत. वर आले तर नाकातून रक्त. पुढे पंधरा दिवस कानात दडे बसलेले, स्वतःचाच आवाज हंड्यातून आल्यासारखा. डॉक्टर म्हणाले पडद्याला इजा झाली आहे, भरून येईल. आता ऐकू नीट येतं.

विचारायचं ते हे. असा कान घेऊन पुन्हा उतरावं का? उतरायचं तर शिकायचं कुठे, मुंबईत की थेट अंदमानात? नवशिक्या माणसाला झेपेल असं बुडालेलं जहाज कुठे आहे? आणि चष्म्याचं काय करतात? आईचा विरोध आहे, 'आपल्या घरातलं एक माणूस समुद्राने नेलंय, पुरे' म्हणते. तिच्याशी मी बोलेन, पण आधी माझ्या हातात पक्की माहिती हवी.

निळाई:

ताई, आधी एक गोष्ट. तुमच्या कानाने दगा दिला नाही, तुम्हाला शिकवलं गेलं नाही. हात हलवून झाल्यावरही खाली नेणं हे चूक, पूर्णपणे त्यांची. तळहात पालथा धरून डावी-उजवीकडे डोलवायचा आणि मग दुखणाऱ्या जागेकडे बोट दाखवायचं, म्हणजे 'इथे त्रास होतोय' ही खूण बोटीवरच करून दाखवायला हवी होती. अंगठा वर म्हणजे 'वर चला', 'छान' नव्हे. नव्या माणसांचा हमखास घोळ होतो तो इथे.

मी वांद्र्याला राहतो, अकरा वर्षं डाइव्ह करतोय, इन्स्ट्रक्टर नाही. कानाचं गणित असं. पाण्याबाहेर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. १० मीटरवर तो दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्ये पडद्यामागच्या हवेचं आकारमान थेट निम्म्यावर येतं, पुढच्या दहांत फरक त्याहून कमी. म्हणूनच कान सगळ्यात जास्त त्रास देतो तो अगदी वरच्या पट्ट्यात, दोन-तीन मीटरवर. 'लोक तीस मीटर जातात, मला तीनवरच कसं झेपलं नाही' असं मनात असेल तर ते काढून टाका.

कान सोडायचा म्हणजे नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकाने हलकेच हवा ढकलायची. कानात 'टक्' झालं की झालं. दुखायला लागल्यावर हे करून उपयोग नाही, दुखायच्या आधी करायचं, दर हातभर खाली गेलं की एकदा. नाही सुटला कान तर मीटरभर वर यायचं, पुन्हा करायचं. तरीही नाही सुटला तर तो डाइव्ह तिथेच संपला. पैसे गेले तर गेले.

शिकायचं तर ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला रीतसर कोर्सच करा, एक दिवसाचा अनुभव वगैरे पुरे झाला. त्यात १८ मीटरपर्यंतची परवानगी मिळते. पुस्तकी भाग आणि तलावातला सराव मुंबईत करून समुद्रातले चार डाइव्ह दुसरीकडे करता येतात. तुमच्यासाठी मी हेच सांगेन. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं, रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो ते, तोंडातून काढून परत घालायचं, हे सगळं ओळखीच्या, उभं राहता येणाऱ्या पाण्यात दहादा करून झालं की समुद्रात जीव घाबरा होत नाही. पोहायला २०० मीटर आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं, ते तुम्ही झोपेतही कराल. वयाला वरची मर्यादा नाही. मात्र तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो आणि कानाची हकीकत त्यात खरी लिहा. डॉक्टरची सही आणायला सांगतील, ती आणा.

चष्मा: मास्कला नंबरच्या काचा बसवून मिळतात. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही उतरतात, फक्त मास्कमध्ये पाणी गेलं तर डोळे मिटून घ्यायचे. पाण्याखाली वस्तू मुळापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि जवळही वाटते.

कर्णपटल:

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय 'जा' असं मी म्हणणार नाही, पण 'जाऊ नका' असंही नाही. इजा होऊन बऱ्या झालेल्या कानाने लोक पुन्हा डाइव्ह करतात. तुमच्या डॉक्टरांकडे जाताना नुसतं 'कान तपासा' म्हणू नका, 'मला समुद्रात १८ मीटर खाली जायचं आहे' असं सांगा. ते पडदा पाहतील, श्रवण चाचणी आणि पडद्याच्या हालचालीची चाचणी करतील. नाक चिमटीत धरून हवा ढकलताना पडदा हलतो का तेही त्यांना तिथल्या तिथे दिसतं.

सर्दी असताना उतरायचं नाही, म्हणजे नाहीच. पुष्कळ जण नाक मोकळं करणारी गोळी किंवा फवारा मारून जातात. औषधाचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना हवा अडकते आणि ते जाताना दुखण्यापेक्षा वाईट. कानात बोळे घालायचे नाहीत. चक्कर किंवा कानात शिट्टी वाजणं यातलं काही तेव्हा झालं होतं का? झालं असेल तर ते डॉक्टरांना अगदी आधी सांगा.

मालवणकर_तांडेल:

ताईनु, वाचून वाईट वाटलं. आमच्या किनाऱ्यावर हे व्हायला नको होतं. सगळे तसे नाहीत हो. बोटीवर कान कसा सोडायचा ते शिकवतात, आधी गुडघाभर पाण्यात श्वास घ्यायला लावतात, असे लोक इथे आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची संस्था आहे, तिथे रीतसर कोर्स होतो, तिकडे चौकशी करा. ऑक्टोबरच्या आधी येऊ नका, पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि नंतरही काही दिवस पाणी गढूळ राहतं.

निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त झालेली 'गुलदार' बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. पर्यटकांसाठी काय सोय होते ते येताना विचारून घ्या. घरचं पाणी, घरची भाषा, शिकायला बरं.

काही जण तुम्हाला आंग्रिया बँक सुचवतील. सरखेल कान्होजींच्या नावाचं ते पाण्याखालचं पठार, प्रवाळ भरभरून आहे. पण किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या वर आणि माथाच वीसेक मीटर खोल. तुमच्यासाठी ते आता नव्हे.

निळाई:

जहाजाबद्दल राहिलं होतं. ताई, माझ्या मते तुमचं जहाज बालीच्या तुलांबेनला आहे. 'लिबर्टी' नावाचं अमेरिकन मालवाहू. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला, ओढत नेताना ते वाचेना म्हणून किनाऱ्याला लावलं. वीसेक वर्षं ते वाळूतच पडून होतं. १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं. त्याचा वरचा भाग पाच मीटरच्या आसपास आणि तळ तीसच्या जवळ, त्यामुळे ओपन वॉटरवाल्यालाही त्याचा बराच भाग पाहता येतो. बोट लागत नाही, काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. तिथल्या बायका आपले सिलिंडर डोक्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत आणतात, ससून डॉकला पाट्या वाहणाऱ्या आपल्या कोळणींसारख्या, त्याच ताठ मानेने.

तुम्ही विचारलंत ना, पुढे काय होतं. लोखंड ही कठीण जागा. प्रवाळ म्हणजे प्राणी, त्यांची पिल्लं पाण्यात वाहत असतात आणि अशी जागा शोधत असतात. लिबर्टीवर आता पत्रा शोधावा लागतो. फासळ्यांवर स्पंज, पंख्यासारखे समुद्री पंखे, मधून मासे. पहिल्यांदा गेलो तेव्हा सुकाणूशी आहे की नाळेशी हेच मला समजेना. टॉर्च न्या. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी जातो, पाच-सहा मीटरपासूनच सगळं निळसर-करडं दिसायला लागतं. टॉर्च मारला की त्याच करड्यात एकदम शेंदरी उजळतं.

आत मात्र शिरायचं नाही. उघड्या भागातून बाहेरचा उजेड दिसतो ते वेगळं, पण खोलीत शिरणं म्हणजे वेगळं शिक्षण, दोरी, राखीव हवा. एका पायाच्या फटकाऱ्याने गाळ उठतो आणि दार कुठे होतं तेच कळत नाही.

तांबड्या समुद्रातलं 'थिसलगॉर्म' नंतर कधीतरी. १९४१ ला जर्मन विमानांनी बुडवलं, पोटात अजून मोटारसायकली आणि ट्रक आहेत. ते तीस मीटरवर, त्याला ॲडव्हान्स्ड कोर्स हवा. श्रीलंकेतली 'हर्मिस' ही बुडालेली विमानवाहू नौका पन्नास मीटरच्या खाली आहे, ती आपल्यासारख्यांसाठी नाहीच. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्या. तिकीट तसंच काढा.

वरळीची_वहिनी:

मला स्कूबातलं कळत नाही, पण प्रवाळ पाहायला बालीपर्यंत थांबायची गरज नाही. हाजीअलीच्या आणि वरळीच्या खडकांवर आपल्याच मुंबईत प्रवाळ आहे. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या काही वसाहती शास्त्रज्ञांनी उचलून दुसरीकडे बसवल्या होत्या. मोठ्या ओहोटीला जाणकाराबरोबर जा. पाय जपून टाका, वन्यजीव कायद्याने वाघाला आहे तसंच संरक्षण प्रवाळाला आहे. तुमच्या आईंनाही न्या. त्यांना गुडघाभर पाण्यात उभं राहून जिवंत काहीतरी दाखवा.

ठाकूरद्वारची:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, चक्कर नव्हती, शिट्टीही नव्हती. मंगळवारची वेळ घेतली आहे, श्रवण चाचणीसुद्धा त्याच दिवशी. ठरवलंय ते असं: कान पास झाला तर मुंबईतल्या तलावात शिकायचं, नोव्हेंबरात तारकर्लीला समुद्रातले चार डाइव्ह, आणि पुढच्या वर्षी तुलांबेन.

काल रात्री निळाईंचं जहाजाबद्दलचं आईला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. पुरे वगैरे काही म्हणाली नाही. सगळं ऐकून झाल्यावर सूप बाजूला ठेवून तिने एवढंच विचारलं, 'तिथे खाली अंधार असतो का गं?' मला उत्तर देता आलं नाही. निळाई, तुम्ही सांगाल का? जसं असेल तसं सांगा.

निळाई:

तुलांबेनला नसतो. दुपारी दहा मीटरवर हातातलं घड्याळ वाचता येतं. वर पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग दिसतो आणि सूर्य त्यावर हलत असतो. वीस मीटरवर संध्याकाळी घरात दिवा लावायच्या आधी असतो तेवढा उजेड.

रेवसच्या पाण्यात असतो. खाड्यांचा गाळ आहे, पावसाळ्यात तर हाताचा पंजा दिसणार नाही. जसं आहे तसं सांगा म्हणालात म्हणून लिहिलं. पण त्या गाळातही खेकडे, कालवं, निवट्या, सगळं असतं. मोकळं ते पाणीही नाही.

ठाकूरद्वारची:

सांगते तिला. मंगळवारी डॉक्टरकडून आले की इथेच लिहिते.