नाना शंकरशेट यांना सुधारक म्हणावे की सनातनी?

रंकाळाकाठी:
कोल्हापुरातील आमच्या वाचकगटात जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांच्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बहुतेक लेख ‘दानशूर व्यापारी’ एवढ्यावरच त्यांची बोळवण करतात. सतीबंदीला पाठिंबा देणारा हाच गृहस्थ मुंबईतील सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवू नये म्हणून सरकारशी झगडला. या दोहोंची संगती कशी लावावी?

गुजरीकर:
आधी पैशाकडे पाहावे. अरब आणि अफगाण व्यापारी आपली संपत्ती बँकेऐवजी नानांच्या पेढीवर ठेवत, असे सांगतात. आमच्या सराफी व्यवसायात याला पत म्हणतात आणि ती दागिन्यापेक्षा महाग असते. याच पतीच्या बळावर ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांत बसले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. (आपल्या कोल्हापुरात गाडी यायला १८९१ उजाडले, हे जाता जाता.)

बिंदूचौक:
गुजरीकरांचे म्हणणे मान्य आहे, पण खरा माणूस दिसतो तो मुंबई इलाख्याच्या सरकारी शिक्षण मंडळातल्या वादात. १८४० साली स्थापन झालेल्या या मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजी माध्यमावर होता. १८४७ च्या सुमारास नानांनी फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस यांच्यासह देशी भाषांची बाजू घेतली. कारण इंग्रजीतून दिलेली विद्या मूठभरांपाशीच अडून राहील, असे त्यांचे मत होते. गंमत अशी, की इंग्रजी शिक्षण देणाऱ्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या या गृहस्थाचे इंग्रजीशी वैर मुळीच नव्हते. मुलींच्या शाळेला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. लोकांच्या आयुष्यातील बदल लोकांना विचारून, त्यांच्याच भाषेतून व्हावा, हा त्यांचा आग्रह मला सोनापूरच्या प्रकरणातही दिसतो. म्हणून तो लढा निव्वळ कर्मठपणाचा होता, असे मी म्हणणार नाही.

रंकाळाकाठी:
आभारी आहे. म्हणजे १८५२ च्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेकडे आणि पुढे मुंबईच्या कायदेमंडळातील त्यांच्या नियुक्तीकडेही याच नजरेने पाहता येईल. भाषणाची सुरुवात मात्र नाटकापासून करावी म्हणतो: आपल्या शेजारच्या सांगलीहून विष्णुदास भावे यांची मंडळी १८५३ साली मुंबईत गेली, तेव्हा ज्या ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांचे खेळ झाले, त्याची जागा नानांची होती. शेवटी त्यांनी दिलेल्या संस्कृत शिष्यवृत्तीचा उल्लेख करीन.

बिंदूचौक:
तेवढी एक दुरुस्ती करावी. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास मिळणारी शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ सुरू झाली. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ साली मिळाली होती.