दिवाडीला जा, दोघंच!

गोव्यात गर्दी टाळून दोघांनी कुठे राहावं, असं वर विचारलंय. आम्ही डिसेंबरात दिवाडी बेटावर दोन दिवस होतो. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की एकदम शांत! समुद्रकिनारा मात्र इथे नाही, हे आधीच सांगते. संध्याकाळी खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून नुसतं चालत राहायचं.

आणि जेवण! घरमालकीणबाईंनी मानशीत, म्हणजे खाजणात भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, जाळ्यात सापडलेली सुंगटं (कोळंबी) आणली. सालं काढताना अजून उडत होती. त्या सुंगटांचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणाची आमटी, उकडा भात, सोलकढी. बांगड्याच्या उडदमेथीत, म्हणजे उडीद-मेथ्या घातलेल्या कालवणात, तिरफळं ठेचून घातलेली; ती चावू नका, बाजूला काढा. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं ह्यांनी दोनदा मागून घेतलं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, म्हणून शक्यतो त्यानंतरच जा.