मंगळ आहे म्हणून मोडलेलं लग्न: ही श्रद्धाच का?

वारकरीण
माझ्या पुतणीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा-मुलगी चारदा भेटले, दोघांची पसंती झाली, याद्यांपर्यंत बोलणं गेलं. मग मुलाकडच्यांनी पत्रिका दाखवली आणि निरोप आला: "मुलीला कडक मंगळ आहे, आमच्या मुलाच्या जिवाला धोका." विषय संपला.

मी स्वतः देव मानते. आषाढीला पायी पंढरपूरला गेलेली आहे, एकादशी धरते. पण माझी एकादशी असते तेव्हा उपाशी मीच राहते. इथं श्रद्धा एकाची आणि भोगतेय दुसरीच. पोरगी आठ दिवस धड जेवलेली नाही. अशा समजुतीलाही 'ज्याची त्याची श्रद्धा' म्हणून सोडून द्यायचं का? माझ्या मते तिची तपासणी व्हायलाच हवी. वेगळं मत असेल त्यांनी जरूर लिहा, फक्त कारण सांगा.

ज्योतिषाभ्यासी
ताई, वाचून वाईट वाटलं. पण दोष शास्त्राचा नाही, अर्धवट सांगणाऱ्याचा आहे. पत्रिकेतल्या बारा स्थानांपैकी प्रथम, चतुर्थ, सप्तम, अष्टम किंवा द्वादश स्थानी मंगळ असला की मंगळाची पत्रिका, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पुढचे परिहार, म्हणजे दोष रद्द करणारे अपवाद, बघायचे कष्ट कुणी घेत नाही. मंगळ मेषेत किंवा वृश्चिकेत म्हणजे स्वराशीत असेल, मकरेत उच्चीचा असेल, तर दोष धरत नाहीत. मी वीस वर्षं पत्रिका पाहतोय. 'तुझ्यामुळे नवरा जाईल' असं एकाही मुलीला सांगितलेलं नाही. आणि अनुभवानं पटलेली गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

पडताळा
तुम्ही शांतपणे लिहिलंत, म्हणून मीही नीट उत्तर देतो. बारा स्थानांपैकी पाचांत मंगळ आला की दोष. म्हणजे ढोबळमानानं शंभरातल्या ४१-४२ जणांना मंगळ असणारच. इतक्या लोकांच्या जोडीदारांचं आयुष्य खरोखर कमी भरत असतं, तर ते लपून राहिलं नसतं. आयुर्विमा काढताना वय विचारतात, आजार विचारतात, तंबाखू खाता का विचारतात. जोडीदाराचा मंगळ कुणी विचारत नाही.

आता अनुभवाचं. पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं एक चाचणी झाली होती, डॉ. नरेंद्र दाभोलकरही तिच्यात होते. २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना आवाहन केलं: ४० पत्रिका घ्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं तरी निम्मी बरोबर येतात. त्यांची सरासरी ४६ टक्के आली. एका संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ उत्तरं बरोबर निघाली. यात कुणाला हिणवायचं नव्हतं, ज्योतिषी आपणहून पुढे आले होते.

ज्योतिषाभ्यासी
त्या चाचणीबद्दल वाचलंय. पण ती बुद्धीची होती, विवाहाची नव्हे. शिवाय जन्मवेळ पाच-दहा मिनिटांनी चुकली तरी लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी आणि जिच्यापासून स्थानं मोजतात ती रास, बदलू शकते.

पडताळा
विवाहाची नव्हती, मान्य. पण जन्मवेळेची शंका खरी असेल तर ती लग्न मोडतानाही खरीच की. तेव्हा कुणी म्हणत नाही, "वेळ चुकली असेल, थांबा जरा." तुमच्याकडे वीस वर्षांच्या वह्या असतील ना? मंगळ असूनही ज्यांची लग्नं झाली, त्यांचं पुढं काय झालं हे एकदा मोजा. बरोबर आलेलं भाकीत जन्मभर लक्षात राहतं. चुकलेलं महिन्याभरात विसरतो आपण, मीसुद्धा.

रोखठोक
वारकरीणताई, राग मानू नका. तुमचा विठोबा आणि त्यांचा मंगळ यांत फरक काय? पुरावा दोन्हीकडे नाही. एक डोळा झाकून दुसऱ्यानं बघितल्यासारखं होतंय.

वारकरीण
राग नाही, प्रश्न रास्त आहे. विठोबा आहे हे मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, आणि तुम्ही मानावं असा हट्टही नाही. पण अमक्या मुलीशी लग्न केलं तर मुलगा मरेल, असं मी त्याच्या नावावर कधी सांगितलेलं नाही. मंगळाचं बोलणं देवाबद्दलचं नाहीच. ते माणसांच्या जगण्यामरण्याबद्दलचं विधान आहे, ते मोजता येतं. मोजता येणारं मोजलंच पाहिजे.

रोखठोक
पूर्ण पटलं नाही. पण मुद्दा कळला.

रक्तपेढीतली
पत्रिका जुळवताना मंगळासारखीच नाडीही बघतात, दोघांची एकच आली तर दोष धरतात. तिच्याबद्दल लिहिते, कारण 'एकनाड म्हणजे रक्तगटाचा दोष, हे विज्ञानच आहे' असं हल्ली फार ऐकते. जन्मावेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्यावरून नाडी ठरते. २७ नक्षत्रं, तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ. म्हणजे साधारण दर तिसऱ्या जोडप्याची नाडी एक येणार. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. त्या दिवशी एकाच दवाखान्यात जन्मलेल्या बाळांची नाडी बहुधा सारखीच, रक्तगट मात्र वेगवेगळे. रक्तगट आईबापांकडून येतो. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका असतो, हे खरं. त्यासाठी बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन देतात. लग्नाआधी रक्त जरूर तपासा, पण तेवढ्यासाठी लग्न मोडू नका.

दोन मुलींची आई
एक सांगू? पुष्कळदा 'पत्रिका जुळत नाही' हा नुसता सभ्य नकार असतो. मुलगी सावळी आहे, पगार कमी आहे, हे तोंडावर सांगवत नाही. मीही एका स्थळाला तसंच कळवलं होतं. कुणाचं मन दुखवायचं नव्हतं. तिकडच्या मुलाला आपल्यातच काही दोष आहे असं वाटत राहिलं असेल, हे आज कळतंय.

ज्योतिषाभ्यासी
ताई, पुतणीची जन्मवेळ पाठवता का? परिहार निघाला तर मी स्वतः त्या लोकांशी बोलेन. मनापासून सांगतोय.

साधा प्रश्न
त्याआधी मुलीला काय वाटतं ते कुणी विचारलं का?

वारकरीण
नव्हतं विचारलं. काल विचारलं. ती म्हणाली, "आत्या, परिहार निघाला तर ते परत येतील. पण मंगळ म्हटल्यावर त्यांना मी लगेच नकोशी झाले, ते कसं विसरू?" जन्मवेळ पाठवत नाही. तुमच्या मनात चांगलंच होतं, ते पोचलं.

ज्योतिषाभ्यासी
तिचं बरोबर आहे. माझा विश्वास आहे तसाच आहे, ते लपवत नाही. वह्या मात्र माळ्यावरून काढल्यात. मंगळ असून लग्न झालेली जोडपी मोजायला घेतो. जे निघेल ते इथं लिहीन, माझ्या विरुद्ध गेलं तरी.