अर्धवट खोल्या आधी पूर्ण करू, की सैपाकखोली?

सुईदोरा (दारव्हा)
नमस्कार. आमचं घर दारव्ह्यापासून आत, भारी काळ्या जमिनीवर आहे. मामंजींनी बांधलेलं, वर कवेलू. दोन वर्षांआधी मागच्या दोन खोल्या पाडून नवीन काढल्या. भिंत कमरेइतकी आली, कॉलमच्या सळाखी उभ्या झाल्या अन् त्याच साली सोयाबीन पाण्यात गेलं. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला तो आलाच नाही. सळाखी गंजल्या, सिमेंटचे ११ पोते कोठ्यात पडून आहेत.

यंदा कापसाचे पैसे आले, माझ्या शिलाईचेही थोडे आहेत. १९ वर्षं मी खाली बसून सैपाक केला, आता गुडघे उठू देत नाहीत. मला ओटा, सिंक अन् टाइल्स पाहिजेत. घरचे म्हणतात, आधी खोल्या. पैसा दोन्हीला पुरत नाही.

त्यात सैपाकखोलीच्या दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे. वैशाखात तिच्यात बोट जातं, श्रावणात मिटते. दोनदा बुजवली. टाइल्सखाली झाकली तर चालेल का?

जुना मिस्त्री (वणी)
ताई, झाकू नका. उन्हाळ्यात उघडते अन् पावसाळ्यात मिटते म्हणजे खालची काळी माती आकसून-फुगून राहिली. टाइल्स वर्षभरात सुटतील. आधी हे पाहा, मोरीचं पाणी कुठं जातं? भिंतीच्या पायथ्याशी मुरत असेल तर तिथली माती ओली अन् दुसऱ्या बाजूची कोरडी राहते, म्हणून भिंत एका अंगानं उचलते. पाणी पाइपानं दूर काढा, भिंतीलगतची काळी माती थोडी काढून मुरूम ठोकून भरा, वरून बाहेर उतार देऊन तीन फुटांची फरशी घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं तारीख लिहून ठेवा, पुढं गेली तर कळेल.

सळाखी तारेच्या ब्रशनं घासा. नुसता तांबूस गंज असेल तर चिंता नाही. पापुद्रे सुटत असतील, सळाख बारीक झाली असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय वर काँक्रीट टाकू नका.

वर्धेकर
ते ११ पोते विसरा. तीन महिन्यांच्या वर ठेवलेल्या सिमेंटची ताकद घटत जाते, तुमचं तर दोन वर्षांचं आहे. गोळे चाळून प्लास्टरला वापरू नका.

वरुडची लेक
ताई, तुम्ही आधी सैपाकखोलीच करा, पण वरचं सांगितलेलं उरकून. ओट्याची उंची दुसऱ्याच्या घरावरून घेऊ नका. सरळ उभं राहून कोपर वाकवा, कोपरापासून चार ते सहा बोटं नाही, चार ते सहा इंच खाली ओटा पाहिजे. माझा तीन इंच उंच झाला, पोळ्या लाटताना खांदे भरून येतात. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा वर राहील असं पाहा. भिंतीतले पाइप बुजवण्याआधी रात्रभर पाणी भरून ठेवा, थेंब गळला तर टाइल्सच्या आधी कळेल. चूल मोडू नका, हिवाळ्यात न्हाणीचं पाणी तापवायला लागते.

सुईदोरा
काल मोरीमागं दोन फूट खणलं. पाणी खरंच भिंतीखाली चाललं होतं, माती चिकट कणकेसारखी झाली आहे. इतकी वर्षं रोज भांडी तिथंच घासली मी, लक्ष गेलं नाही. मालकांनी खड्ड्यात उतरून पाहिलं अन् स्वतःच म्हणाले, आधी हे. खोल्या दिवाळीनंतर. सळाखींना तोवर सिमेंटचं पाणी मारून प्लास्टिक बांधतो.

आणखी एक विचारते. भिंतीपासून आठ फुटांवर कडुलिंब आहे. तोडावं का?

जुना मिस्त्री (वणी)
एकदम नका तोडू. मोठं झाड जमिनीतलं पाणी ओढत असते. ते गेलं की काळी माती फुगते अन् भिंत उलट बाजूनं उचलते. फांद्या छाटा, बुडाशी सैपाकखोलीचं पाणी सोडू नका. अन् प्लास्टर ऊन कडक व्हायच्या आत करा. नाहीतर १४ दिवस गोणपाट बांधून पाणी मारायला मनुष्य लागेल.

सुईदोरा
नाही तोडत, त्याच्या सावलीतच माझी मशीन असते. गोणपाट मी शिवून ठेवते.