चेक लाईटचा कोड आला की थेट सेन्सरच बदलायचा का?

घाटवेडा: मंडळी, जुलैत ताम्हिणीत धो धो पावसात गाडी चालता चालता बंद पडली. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडतच नाही. गॅरेजला ओढून नेली, स्कॅनरवर कोड पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का, किती वेगाने, हे सांगणारा). बदलला, चार दिवस चालली, परत बंद. मग म्हणाले पार्ट डुप्लिकेट निघाला असेल, ओरिजिनल टाकू. तोही टाकला, आठवड्यात परत तेच. शेवटी एका जुन्या वायरिंगवाल्याकडे गेलो, त्याने कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) काढला आणि एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढत गेला. सिग्नलची वायर एका जागी रबरासारखी ताणली गेली! वरचं आवरण अख्खं, आतलं तांबं तुटलेलं, हिरवं पडलेलं. माझं मत स्पष्ट आहे, त्या कोडच्या पूर्ण नावात 'सर्किट' हा शब्द आहे, त्यात सेन्सर, कपलर, वायर, ईसीएमची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) पिन सगळंच आलं. वायर न बघता सेन्सर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

स्पॅनर१८: दादा, तुमचा त्रास खरा, पण निष्कर्ष पटला नाही. १८ वर्षं गॅरेज चालवतोय. क्रँक सेन्सर गरम झाल्यावरच दगा देतो असं कितीतरी वेळा होतं, अर्ध्या तासाने गाडी थंड झाली की आपोआप चालू. गॅरेजला येईपर्यंत सगळी मापं बरोबर दिसतात, मग मी काय वायरी ओढत बसू? अशा वेळी नवा सेन्सर टाकून बघणं हीच तपासणी. आणि काहीजण वायरला पिन टोचून व्होल्टेज बघतात ना, त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो, हे मी स्वतः उघडून बघितलंय.

मीटरवाली: पिन टोचू नये हे शंभर टक्के मान्य. पण टोचायची गरजच कुठे आहे हो? कपलर काढायचा, चावी ऑन करायची आणि हार्नेसच्या (वायरच्या जुडग्याच्या) बाजूने पिनांवर मीटर लावायचा. तीन वायरचा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असेल तर एकीवर सप्लाय, बहुतेक ५ व्होल्ट, काही गाड्यांत १२, दुसरी अर्थिंगची, आणि बऱ्याच गाड्यांत सिग्नलच्या पिनवरही ईसीएमकडून ५ येतात. ते येत नसतील किंवा वायर हलवली की गायब होत असतील तर दोष सेन्सरमध्ये नाही, वायर किंवा ईसीएमच्या बाजूला आहे, दोन मिनिटांत कळतं. आणि तीन वायरचा सेन्सर ओहमवर मोजून 'बाद आहे' सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, ते माप फक्त दोन वायरच्या कॉइलवाल्या सेन्सरला चालतं.

घाटवेडा: @स्पॅनर१८ गरम झाल्यावर जातो म्हणता तर हेअर ड्रायरने सेन्सर तापवा आणि सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. थंड असताना आकडा दिसतो आणि तापल्यावर शून्यच राहतो, तर टाका की नवा, मी कशाला नाही म्हणू. माझ्या गाडीत हे कोणी एकदाही बघितलं नाही, राग त्याचा आहे.

स्पॅनर१८: बघायला पाऊण तास जातो भाऊ. काही बदललं नाही आणि ५०० रुपये तपासणीचे लावले की गिऱ्हाईक भांडायला उठतं, "नुसतं बघायचे पैसे?" पार्ट बदलला की मुकाट्याने देतात. सवय कुणी लावली?

मीटरवाली: हे मात्र खरंय, सवय आपणच लावलीये. पण म्हणून दुसऱ्यांदा तोच कोड आल्यावर पण तोच पार्ट? तिथे तरी वायर बघायलाच हवी होती.

स्पॅनर१८: दुसऱ्यांदा, हो. तिथे मी पण हार्नेसच उघडला असता. पहिल्यांदा मात्र माझं मत तेच आहे.

घाटवेडा: त्या वायरिंगवाल्याने पार्ट एकही बदलला नाही, तुटकी जागा कापून सोल्डर मारला, वर स्लीव्ह चढवली आणि वायर ब्रॅकेटवर घासत होती तिथून लांब बांधून दिली. ७०० मागितले, मी हजार दिले. दोन सेन्सरचे आधीचे सहा हजार वेगळेच.