वाळलेला लायगोडियम उपटू नका

मार्चपासून लायगोडियम (वेलीसारखा चढणारा नेचा, म्हणजे फर्न) वाळलाय, कुंडी रिकामी करू का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको! कोकणात रानात उगवणाराही उन्हाळ्यात वाळतो आणि पाऊस पडला की जमिनीतल्या खोडातून पुन्हा फुटतो. वाळकं कापा, माती जेमतेम ओलसर ठेवा.

गंमत म्हणजे आपण ज्याला वेल म्हणतो ते एकच लांबलचक पान असतं, त्याचा दोऱ्यासारखा देठ सुतळीला पीळ घालत चढतो. म्हणून मधेच तुटला तर वरचं सगळं गेलं. माझा ग्रिल पुसताना तुटला, महिनाभर हळहळत होतो. आणि हो, पानांच्या कडेची तपकिरी झालर म्हणजे बीजाणू, नेच्याची नवी रोपं ज्यांपासून होतात ते बारीक कण. कीड समजून फवारणी करू नका.