असॅसिन्स क्रीड: एकाच मालिकेच्या चाहत्यांत एवढे तट का?

राजारामपुरी_पॅड विचारतात:

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत आम्ही सहा जण मिळून एक पीएस५ आणि एक पीसी वापरतो. दिवाळीच्या सुट्टीत असॅसिन्स क्रीड (लपून वार करणाऱ्या मारेकऱ्यांची व्हिडिओ गेम मालिका) खेळायची ठरलीय, पण सुरुवात कुठून करायची यावरच दोन तट पडलेत. एका गटाला नायक एझिओचे भाग (असॅसिन्स क्रीड २, ब्रदरहुड, रेव्हलेशन्स) आणि ब्लॅक फ्लॅग हेच खरं वाटतं, २०१७च्या ओरिजिन्सपासून म्हणे नुसतं नाव उरलंय. दुसऱ्यांचं म्हणणं, ओरिजिन्स आणि ओडिसी आले नसते तर ही मालिका कधीच बंद पडली असती. दोन्हीकडच्यांनी भरपूर भाग संपवलेत, त्यामुळे 'तू खेळलाच नाहीस' म्हणूनही वाद मिटत नाही.

'ज्याची त्याची आवड' हे उत्तर नकोय. नेमकी कोणती यंत्रणा बदलली ते सांगा. नव्या भागांत सेटिंग बदलून जुन्यासारखं खेळता येतं का? आणि पीसीत जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आहे. त्यावर कुठपर्यंत निभेल?

खासबाग_कट्टा:

भावा, हिडन ब्लेडचं (मनगटात लपवलेल्या पात्याचं) बटण दाबल्यावर काय होतं, सगळं भांडण तिथं आहे. ग्राफिक्स आणि नकाशा नंतर येतात.

२००७च्या पहिल्या भागापासून २०१५च्या सिंडिकेटपर्यंत नियम एकच: बेसावध माणसाच्या पाठीशी पोचलात की तो संपला. पोचणं हीच सगळी परीक्षा. पहारेकरी कुठं वळतो, कुठल्या छपरावरून उतरलं तर सावलीत राहतो, गर्दीत कुठपर्यंत मिसळता येतं, हे हेरायला वीस मिनिटं लागायची आणि शेवटचा वार एका क्षणाचा. आपल्याकडच्या माणसाला वाघनख म्हटल्यावर हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. छोटं शस्त्र, अगदी जवळून, एकदाच.

ओरिजिन्समध्ये त्याच ब्लेडला डॅमेजचा आकडा चिकटला आणि शत्रूला लेव्हल आली. आता तुम्ही तटबंदी चढून, गवतात दबा धरून कप्तानाच्या मागं पोचता. त्याच्या डोक्यावर लेव्हल २२, तुमची १८. बटण दाबता, पातं मानेत जातं, रक्ताची पट्टी निम्मीच उतरते. तो वळतो, मशालीची भांडी पेटतात, सगळा तळ जागा होतो. चूक तुमच्या वाटेत नव्हती, चूक एवढीच की अजून चार लेव्हल वाढवून आला नाहीत. जुना खेळाडू इथंच कंट्रोलर खाली ठेवतो. तयारी म्हणजे डोळ्यांनी हेरणं असं तो दहा वर्षं शिकला होता, आणि आता तयारी म्हणजे पात्राचा आकडा वाढवणं झाली.

मातीतल्या आणि मॅटवरच्या कुस्तीत जे अंतर आहे तसंच हे. मॅटवरही चीत केलं की कुस्ती संपते, पण बहुतेक निकाल गुणांवर लागतात. मग पैलवान डावही गुणांच्या हिशेबानं टाकतो. दोन्ही कुस्त्याच आहेत, दोन्हीला कस लागतो. पण खासबागेत पाठ टेकायची वाट बघत बसलेल्या माणसाला सहा-चारचा गुणफलक पुरत नाही, आणि गुणांची कुस्ती समजणाऱ्याला मातीतली झोंबाझोंबी लांबलेली वाटते.

ओडिसीनं तर मुख्य पात्राच्या हातातून हिडन ब्लेडच काढलं. कथा इसवी सनपूर्व ४३१ची, नायक भाडोत्री लढवय्या, त्याच्याकडे स्पार्टाचा राजा लिओनायडसच्या भाल्याचं तुटकं टोक. कथेत ते पटतं. पण ज्या वस्तूमुळे मालिका ओळखली जाते तीच नाही म्हटल्यावर मन दुखणारच.

छप्परवाट:

वरचं बरोबर आहे, पण धावण्या-चढण्याकडे कुणी बघितलंच नाही. माझ्या मते खरी जखम तिथली आहे.

पहिल्या भागात चार बटणं म्हणजे बाहुलीच्या दोऱ्या होत्या. पीएसवर ट्रँगल डोकं, स्क्वेअर हत्याराचा हात, सर्कल मोकळा हात, एक्स पाय. आर१ दाबून धरलं की त्याच बटणांची जोरदार कामं व्हायची. त्यामुळे असॅसिन्स क्रीड २मध्ये हे जमायचं: भिंत चढताना आर१ धरायचा, स्टिक बाजूला किंवा मागं ढकलायची, एक्सनं भिंतीपासून झेप, आणि हवेत असताना सर्कल दाबून समोरची कड पकडायची. सर्कल उशिरा दाबलं तर हात निसटतो. लवकर सोडलं तरी तेच. हे चुकतमाकत हातात बसलं की व्हेनिसचे कालवे न उतरता ओलांडता येतात.

२०१२च्या असॅसिन्स क्रीड ३मध्ये पळण्यासाठी एक्स धरायची गरज गेली, नुसता आर१ पुरला. झाडांवरून पळणं आलं, ते सुंदरच आहे. पण पडण्याचा धोका कमी झाला तशी हाताची कलाही कमी झाली.

युनिटीत २०१४ला आर२ आणि एक्सनं वर, आर२ आणि सर्कलनं खाली अशी फोड केली. छपरावरून थेट रस्त्यापर्यंत न थांबता घरंगळत उतरणं मालिकेत इतकं देखणं दुसरीकडे कुठं नाही. आणि त्याच खेळात उघड्या खिडकीत शिरायला गेलं तर माणूस चौकटीभोवती घोटाळत राहतो. कारण साधं आहे. युनिटीतल्या पॅरिसमध्ये प्रत्येक हातभर अंतरावर पकडायची जागा आहे, खेळ त्यातली एक तुमच्या वतीनं निवडतो आणि ती चुकते. खिडकीजवळ स्टिक सोडून द्या, एल२ दाबण्याची सूचना येईपर्यंत थांबा, मग दाबा. निम्मा त्रास जातो.

ओरिजिन्सपासून जवळजवळ कुठलाही कडा चढता येतो. ऐकायला मोठी सोय, पण सगळंच चढता आलं की वाट शोधायचं काही कारणच राहत नाही. शिवाय ओरिजिन्समधल्या इजिप्तची घरं बुटकी आणि गावं लांब लांब. छपरावरून छपरावर जायला छप्पर तर जवळ पाहिजे ना.

मंगळवार_पेठ_७:

जुन्याची एवढी आरती ओवाळताना त्यातले दोष विसरू नका.

जुनी लढाई म्हणजे काय होतं? आठ शिपाई गोल करून उभे, एकेक जण पुढं येणार, तुम्ही काउंटर (वार उलटवायचं बटण) दाबणार, तो मरणार. ब्रदरहुडपासून एकाला मारलं की स्टिक दुसऱ्याकडे वळवून तेच बटण, तोही एका झटक्यात. म्हणजे लपायची गरजच नव्हती. दारातून आत चालत जाऊन पूर्ण किल्ला कापून काढता यायचा. ओरिजिन्समध्ये प्रत्येक वाराला स्वतःचा पल्ला आला. भाला लांबून लागतो, तलवार हुकली तर खरंच हुकते, तिघं एकदम अंगावर येतात. तिथं लढाई टाळण्याला पहिल्यांदा खरी किंमत आली.

पाठलागाच्या मोहिमा आठवा. दोन माणसं बोलत चाललीत, त्यांच्या मागं ठरावीक अंतरात राहायचं, जरा मागं पडलं की डिसिंक, म्हणजे मोहीम फसली, आणि पुन्हा सगळा संवाद. ब्लॅक फ्लॅगवर माझा जीव आहे, पण त्यात तर जहाजानं पाठलाग करायला लावलाय.

आणि २००९ ते २०१५ दरवर्षी नवा भाग. युनिटी इतक्या बगांसह बाहेर पडला की कंपनीला डेड किंग्ज हा जोडभाग फुकट द्यावा लागला. २०१६ला मुख्य भाग न काढता थांबले, त्या विश्रांतीनंतरचा खेळ म्हणजे ओरिजिन्स. बदल लहर म्हणून झाला नाही.

नव्यांचाही दोष सांगतो, एकतर्फी नको. ओडिसीत एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवगुण) वाढवणारा बूस्टर दुकानात पैशाला ठेवला होता. लेव्हल मुद्दाम संथ ठेवली की काय, हा संशय त्यातूनच आला आणि तो रास्त आहे. दुसरं, संवाद निवडायला दिले आणि जोडभागात मात्र खेळाडूनं काहीही निवडलं तरी नायकाला मूल होणारच असं लिहून ठेवलं. लोक भडकले, मग तो प्रसंग बदलावा लागला. ॲनिमस (पूर्वजांच्या आठवणी दाखवणारं कथेतलं यंत्र) मधली आठवण ही घडून गेलेली गोष्ट, ती बदलता येत नाही, हा पहिल्या भागाचा पाया. त्यावर निवडीचा मजला चढवला की भिंतीला तडा जाणारच.

जुनी_डिस्क:

आधुनिक काळाची कथा राहिली. ज्यांनी त्या कथेचा नायक डेसमंडसाठी पाच भाग खेळले त्यांना त्यातल्या पाचव्या, म्हणजे असॅसिन्स क्रीड ३च्या शेवटानंतर घरचं माणूस गेल्यासारखं झालं. पुढच्या भागांत तो धागा तसा कधी जुळला नाही. हा तिसरा तट आहे, संख्येनं लहान, पण सगळ्यात दुखावलेला.

सेटिंग_पाटील:

राजारामपुरीकर, आता तुमच्या यंत्रांचं बघू.

पहिला भाग पीएस३, एक्सबॉक्स ३६० आणि पीसीवरच आहे, पीएस५वर चालत नाही. तो पीसीवर घ्या. असॅसिन्स क्रीड २, ब्रदरहुड आणि रेव्हलेशन्स पीएस५वर खेळायचे तर पीएस४ची एझिओ कलेक्शन घ्या, पीएस३च्या डिस्क घालून उपयोग नाही. ओरिजिन्स आणि ओडिसी पीएस५वरच खेळा, दोन्हींना नंतर सेकंदाला ६० फ्रेमचा अपडेट आला.

ओडिसीनंतरच्या भागांपैकी १०६०वर वालहाल्ला १०८०पी, हाय, ३० फ्रेम असा निभतो. मिराजसाठी हेच कार्ड किमान अट आहे, एसएसडीवर टाका. शॅडोजला किमान जीटीएक्स १०७०, १६ जीबी रॅम आणि ११५ जीबी एसएसडी लागते, त्यामुळे तो पीएस५वर.

सेटिंग अशी:

ओरिजिन्समध्ये शत्रूंचं स्केलिंग चालू करू नका. त्यानं खालच्या लेव्हलचे शत्रू तुमच्या बरोबरीला येतात, वरचे खाली उतरत नाहीत. त्याऐवजी हिडन ब्लेडची सुधारणा सगळ्यात आधी करा. तिला ब्राँझ, लोखंड आणि कार्बन क्रिस्टल लागतात. पहिल्या काही तासांत लोक ब्राँझ-लोखंड चिलखतावर उधळतात आणि मग वार अर्धवट पडतो म्हणून ओरडतात.

ओडिसीत डॅमेज तीन प्रकारचं असतं: योद्धा, शिकारी, असॅसिन. तिन्हींत वाटलं तर तिन्ही अपुरं पडतं. चिलखताचे पाचही तुकडे असॅसिन डॅमेजचे ठेवा, त्यांवर चढवायचं कोरीवकामही त्याचंच, आणि क्रिटिकल असॅसिनेशन हे कौशल्य लवकर घ्या. त्यात बटण दाबून धरावं लागतं. नुसतं टिचकीसारखं दाबलं तर साधा वार पडतो.

वालहाल्लात गेमप्ले सेटिंगमध्ये खात्रीशीर हत्येचा पर्याय आहे, तो चालू केला की जुना नियम परत. शॅडोजमध्येही तो आहे, शिवाय कॅनन मोड निवडला की संवादांची निवड बंद होते आणि कथा ठरल्या वाटेनं जाते. तुमच्या जुन्या गटाला हे दोन्ही चालू करून द्या. शॅडोजच्या दोन मुख्य पात्रांपैकी नाओए घेऊनच किल्ल्यात शिरा. दुसरा, यासुके, धिप्पाड आहे, उंचावर त्याचं काम नाही.

राजारामपुरी_पॅड:

लय उपयोगी माहिती, मनापासून आभार. एकच शंका. २०२३चा मिराज तर जुन्यांसाठीच काढला ना? लेव्हल नाही, एका वारात काम, बगदादचं दाट शहर. मग आमच्यातल्या दोन जुन्यांनाच तो का आवडत नाही?

छप्परवाट:

कारण मिराज आधी वालहाल्लाचा जोडभाग म्हणून सुरू झाला होता. नियम जुने आणले, पण अंग वालहाल्लाचंच राहिलं. मिराजचा नायक बासिमची उडी आणि पावलं वालहाल्लातल्या त्या जड वायकिंग चालीवरून आलेली आहेत. छपरं जवळ आली तरी झेपेवरचा ताबा एझिओसारखा वाटत नाही. त्यात असॅसिन फोकसनं वेळ थांबवून एका दमात पाच जणांपर्यंत खुणा करून मारता येतात, म्हणजे पोचायची परीक्षाच कुणी दुसऱ्यानं दिल्यासारखी. त्या दोघांना सांगा, फोकसचं बटण पूर्ण खेळभर वापरू नका, आणि बदनामी वाढली की ती उतरवायला तुमच्या शोधाची पोस्टर फाडायला छपरांवरूनच जा.

खासबाग_कट्टा:

आणि सहा जण एकत्र आहात तर कुठला भाग आधी ते ठरवण्यापूर्वी एक संध्याकाळ अशी काढा. पीएस५वर ब्रदरहुडचा एक बोर्जिया मनोरा (तिथल्या कप्तानाला मारून ताब्यात घ्यायचा) आणि ओरिजिन्सचा एक तळ, दोन्ही पाळीपाळीनं सगळ्यांनी खेळायचे. ओरिजिन्समध्ये तळ तुमच्यापेक्षा दोन लेव्हल वरचा निवडा. कोण कुठं वैतागतो ते लिहून ठेवा. ब्रदरहुडमध्ये कप्तान पळून गेला तर पहारा बदलल्यावरच तो परत येतो, तेव्हा एकाची पाळी लांबली म्हणून दुसऱ्यानं कंट्रोलर ओढू नये.